काम नसताना केलेला फोन

मागच्या अंकात मी सहज लिहिलं होतं की आयटीत टिकायचं तर कोडइतकीच माणसंही सांभाळावी लागतात, त्यावर इतकी पत्रं अन् मेल आले की या वेळचं सगळं सदर त्यालाच देऊन राहिले. नवीन वाचकांसाठी सांगते, मी दर्यापूर तालुक्यातली, खारपाणपट्ट्यातली. २००४ ला अमरावतीहून इंजिनिअरिंग झालं, पुण्याला टेस्टिंगमधे लागले, सोळा वर्षं तिकडं काढली, २०२० च्या लॉकडाऊनमधे गावी आले ती आजवर इथंच आहे अन् घरूनच काम करते. पत्रं थोडी छाटली आहेत, नावं कोणाचीच छापली नाहीत.

प्रश्न : ताई, मी बाभूळगाव तालुक्यातली, यंदाच पुण्यात एका कंपनीत लागली. ट्रेनिंग झालं, आता बेंचवर आहे, म्हणजे अजून प्रोजेक्ट भेटला नाही. माझ्यासोबतच्या पोरी कॅन्टीनमधे सिनिअर लोकांजवळ जाऊन बसतात, हसतात, बोलतात, मले ते जमतच नाही, मले ते चमचेगिरी वाटते. बाबा म्हणतात आपलं काम चोख असलं की कोणाच्या पुढंपुढं करा लागत नाही. पण त्यातली एक चांगल्या प्रोजेक्टमधे गेली अन् मी अजून बसूनच आहे. माझं काही चुकून राहिलं का?

उत्तर : बाबांचं खोटं नाही, पण ते अर्धंच आहे, आणि ते कसं हे तुला बेंचचा कारभार पाहिला की कळेल. प्रोजेक्टला माणूस पाहिजे असला की तिथला मॅनेजर मागणी टाकतो, त्याच्याकडे पाच-सात जणांचे प्रोफाइल जातात, सगळ्यांचं शिक्षण तेच, ट्रेनिंग तेच, मार्कही उन्नीस-बीस. मग त्यानं निवडायचं कशावरून? तो बाजूला बसलेल्याला विचारतो, "यातलं कोणी माहीत आहे का रे?" बाजूचा म्हणतो, "हां, ही ट्रेनिंगला होती, हिला डेटाबेस चांगला समजते." बस, इतकंच होतं, बरेचदा दोन मिनिटांत. तुझं काम चोख आहे हे त्या खोलीतल्या एकाला तरी माहीत पाहिजे ना पोरी.

चमचेगिरीचं म्हणशील तर मी एक खूण धरून ठेवली आहे. चमचेगिरी फक्त वरच्या दिशेनं होते. मॅनेजरपुढं गोड अन् आयटी सपोर्टच्या पोराशी, पॅन्ट्रीतल्या मावशीशी तुसडं वागणारा माणूस दिसला की ओळखायचं. तू बॅचमधल्या अडलेल्या पोराजवळ तासभर बसून त्याला समजावून सांगतेस, तेही ओळख वाढवणंच आहे, त्यात कमीपणा कुठं आला? आणि त्या बॅचकडं नीट पाहा. आज ते तीस-चाळीस जण तुझ्यासारखेच कच्चे आहेत, दहा वर्षांनी ते तीस-चाळीस ठिकाणी असतील, कोणी टीम लीड, कोणी क्लायंटकडं ऑनसाइट, कोणी स्वतःचं काहीतरी चालू केलेला. माझ्या पहिल्या बॅचमधे एक जण होता, मला तो तेव्हा निव्वळ बडबड्या वाटायचा, पण माझ्या तिसऱ्या नोकरीचा रेफरल, म्हणजे आपल्या कंपनीत माझ्या नावाची शिफारस, त्यानंच दिला, कारण एकदा त्याच्या बाबांना ससूनमधे ठेवलं होतं तेव्हा मी चार दिवस त्याच्या टेस्ट केस चालवल्या होत्या, हे त्याच्या लक्षात होतं, मी विसरले होते.

कॅन्टीनमधे हसत बसणं तुझ्या स्वभावात नसेल तर नको बसू. तू प्रश्न विचार, पण नीट विचार, म्हणजे काय करायचं होतं, काय केलं, एरर काय आला, मी स्वतः काय काय करून पाहिलं, हे चार ओळींत लिहून मग सिनिअरकडं जा. असा प्रश्न आला की माणसाला आपल्या वेळेची किंमत ठेवली असं वाटते. आणि उत्तर मिळालं की लोक गायब होतात, ते करू नको, दुसऱ्या दिवशी जाऊन सांग की तुम्ही सांगितलं ते केलं अन् झालं, अडचण अमुक ठिकाणी होती. इतकंच, पण शंभरातले नव्वद करत नाहीत. बेंचवर आहेस तर सेटअप करताना जिथं जिथं अडकलीस ते सगळं एका पानावर लिहून पुढच्या बॅचला दे, त्या पानावर तुझं नाव असू दे.

इंग्रजीचं तू लिहिलं नाहीस पण पत्रावरून मला वाटलं की तेही मनात आहे. मराठीत बोलायला माणूस भेटला की जीव थंड होतो, मलाही व्हायचा, पण टेबलावर एक जण जरी मराठी न समजणारा असला तर हिंदीत बोला, मोडक्या इंग्रजीत बोला. त्या एकट्या बसलेल्याला आपण काय वाटून राहिलो याचा विचार करा. बंगळुरूला सहा महिने होते तेव्हा मी ती एकटी होते.

अजून एक, ओळख कंपनीच्या गेटच्या आतच ठेवू नको. ओपन सोर्समधे, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो त्या सॉफ्टवेअरमधे, कोणत्याही प्रोजेक्टचं डॉक्युमेंटेशन सुधारून दे, बग, म्हणजे त्यातली चूक, नीट नोंदव, आधी छोटं काम घे. गिट हे कोडमधले बदल सांभाळायचं टूलच २००५ मधे लिनक्सच्या कर्नलवर काम करणाऱ्या जगभरच्या लोकांसाठी बनलं, एकमेकांना कधी न पाहिलेले लोक त्यावर वर्षानुवर्षं सोबत काम करतात. नवख्यांना ओपन सोर्सचं काम शिकवणारा गूगल समर ऑफ कोड हा कार्यक्रम पण २००५ पासून चालू आहे, २०२२ पासून त्यात विद्यार्थीच पाहिजे अशी अट राहिली नाही, ओपन सोर्समधे नवीन असलेले १८ च्या वरचे कोणीही अर्ज करू शकतात. कंपनी बदलली की ऑफिसचा मेल त्याच दिवशी बंद होतो, पण तिथं केलेल्या कामावर तुझं नाव राहते. आणि अकाउंट स्वतःच्या मेलवरून उघड, ऑफिसच्या नाही, ही चूक फार जण करतात.

प्रश्न : ताई, मी मूळचा पुसदकडचा, वय ४१. नऊ वर्षं एकाच कंपनीत जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेत काम केलं. मागच्या महिन्यात एचआरनं मीटिंग लावली अन् पंधरा मिनिटांत लॅपटॉप बंद. बायकोला सांगितलं, आईबाबांना सांगायची हिंमत झाली नाही. सगळे म्हणतात जुन्या ओळखीतून प्रयत्न कर. पण या नऊ वर्षांत मी कोणालाच साधा दिवाळीचा मेसेज केला नाही, आता काम पडलं म्हणून कोणत्या तोंडानं बोलू? लाज वाटते.

उत्तर : दादा, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. आधी घरचं बोलू. आईबाबांना सांगा. ज्यांनी कपाशीवर बोंडअळी पाहिली, सोयाबीन काढणीला आलं अन् पाऊस आला हे पाहिलं, त्यांना हातचं जाणं काय असते ते तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळते. तुम्ही लपवून ठेवलं अन् त्यांना दुसऱ्याकडून कळलं तर तेच जास्त लागेल.

आता लाजेचं. मला २००९ च्या मंदीत असंच घरी बसावं लागलं होतं, साडेचार महिने. जवळच्या मैत्रिणींना सांगून झालं होतं, त्यांच्या कंपन्यांतही भरती बंदच होती, त्यांना जे माहीत ते मला आधीच माहीत. नोकरी लागली ती एका अशा बाईमुळं जिला मी आयुष्यात दोनदा भेटले होते. ती आमच्या क्लायंटच्या दुसऱ्या व्हेंडरकडं होती, तिच्या मॉड्यूलमधला एक बग मी नोंदवला होता, कसा येतो, कोणत्या डेटावर येतो, स्क्रीनशॉटसकट. दीड वर्षानं मी तिला घाबरत घाबरत मेल टाकला, तिनं लगेच उत्तर दिलं, "तुमची बग रिपोर्ट मी अजून नवीन लोकांना दाखवते." आठवड्यात इंटरव्ह्यू झाला.

हे माझ्याच बाबतीत झालं असं नाही. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या समाजशास्त्रज्ञानं १९७३ मधे यावर लेख लिहिला. अमेरिकेत बोस्टनजवळच्या न्यूटन शहरात ओळखीतून नवी नोकरी मिळालेल्या लोकांना त्यानं विचारलं की ज्यानं तुम्हाला ही नोकरी सांगितली त्याला तुम्ही तेव्हा किती वेळा भेटत होता. नेहमी भेटायचो म्हणणारे निघाले १६.७ टक्के, कधीमधी म्हणणारे ५५.६ टक्के, अन् क्वचितच भेटायचो म्हणणारे २७.८ टक्के. म्हणजे बहुतेकांचं काम दूरच्या ओळखीनं केलं होतं. आपल्याकडं हे काही नवीन नाही, पोरीला स्थळ सख्खा काका आणत नाही, मावशीच्या नणंदेच्या गावचा कोणीतरी आणते, कारण काकाला जी स्थळं माहीत ती तुम्हालाही माहीतच असतात. नंतर २०२२ मधे सायन्स या साप्ताहिकात लिंक्डइनवरच्या २ कोटींहून जास्त लोकांचा ५ वर्षांचा अभ्यास आला, त्यातही हेच दिसलं, फक्त त्यांनी एक बारीक गोष्ट काढली की अगदीच अनोळखी माणूस तितका कामाचा नाही, मधल्या अंतरावरचा सगळ्यात कामाचा. म्हणजे ज्याच्यासोबत तुम्ही एखादा प्रोजेक्ट केला अन् मग सुटलात, तो. नऊ वर्षांत असे किती झाले असतील, मोजा.

यादी करताना नावं आठवत बसू नका, प्रोजेक्ट आठवा. एक एक रिलीज डोळ्यांपुढं आणा, कोण कोण होतं, टेस्टिंगला कोण, डिप्लॉयमेंटला कोण, क्लायंटकडून कॉलवर कोण यायचं, कोण मधेच सोडून गेलं. वीस-पंचवीस नावं सहज निघतील. मग एकेकाला वेगळा मेसेज लिहा, सगळ्यांना एकच चिकटवून पाठवलेला मेसेज लांबूनच ओळखू येतो. मी असा लिहिला असता,

"नमस्कार दादा, आपण त्या इन्शुरन्सच्या प्रोजेक्टवर सोबत होतो, मार्चच्या रिलीजला रात्री दोनपर्यंत आपण दोघंच थांबलो होतो. मधे बरीच वर्षं बोलणं झालं नाही, ते माझ्याकडूनच राहिलं. मागच्या महिन्यात आमच्या टीममधली काही पदं कमी झाली, त्यात माझंही गेलं. जावा, स्प्रिंग बूट अन् पेमेंटच्या सिस्टीम, या कामात मी आहे. तुमच्याकडं अशा कामाची टीम कशी आहे, कोणाशी बोलावं, हे पंधरा मिनिटं फोनवर सांगू शकाल का? नाही जमलं तरी काही वाटून घेऊ नका, तुमचं कसं चाललं ते मात्र नक्की कळवा."

पाहा, यात नोकरी मागितली नाही, माहिती मागितली आहे. नोकरी देणं बहुतेकांच्या हातात नसते, मग ते बिचारे उत्तरच देत नाहीत, माहिती द्यायला मात्र लोकांना आवडते. उशीर माझ्याकडून झाला हे एका वाक्यात कबूल करून पुढं जायचं, त्याची माफी चार ओळी मागत बसायची नाही. अन् हेही लक्षात घ्या की त्यांनीही तुम्हाला नऊ वर्षांत मेसेज केला नाही, त्यांनाही तितकंच अवघडल्यासारखं होत असेल. दहा दिवसांत उत्तर आलं नाही तर एकदाच आठवण करा, त्याच्यावर नको.

रेफरलची एक गोष्ट सांभाळा. कंपनीच्या पोर्टलवर आधीच स्वतः अर्ज टाकून बसलात तर बऱ्याच ठिकाणी नंतर दिलेला रेफरल धरत नाहीत, म्हणून आधी विचारा, मग अर्ज. रेफर करणाऱ्याला तयार मसाला द्या, जॉबचा नंबर, एका पानाचा रेझ्युमे अन् तीन ओळी की मी या कामाला का बसतो, म्हणजे त्याला फक्त पुढं ढकलायचं राहील. बऱ्याच कंपन्यांत रेफर केलेला माणूस लागला तर त्यालाही बोनस मिळतो, तेव्हा तुम्ही फक्त मागून राहिले असं समजू नका. रिलीव्हिंग लेटर, अनुभवाचं पत्र अन् हिशेबाची कागदं मात्र आत्ताच हातात घ्या, पुढं व्हेरिफिकेशनला लागतात.

आणि एक वही घाला. आमच्या आईची आहेराची वही आहे, १९८१ मधे तिच्या लग्नापासूनची, कोणाच्या लग्नात कोणी काय दिलं, कोणाच्या घरी बारसं झालं, कोणाच्या घरी माती झाली तेव्हा आपण गेलो की राहिलो. रात्री जेवणं झाली की ती कधीकधी नुसती चाळते अन् म्हणते, "अगं, बडनेऱ्याच्या बाईकडं आपण किती दिवसांत गेलो नाही." मी तशीच वही २०११ पासून ठेवते, आता लॅपटॉपवर आहे, नाव, कुठं भेटलो, सध्या काय करून राहिले, घरचं काही सांगितलं असेल ते, शेवटचं कधी बोललो. रविवारी सकाळी दोन नावं काढायची अन् दोघांना मेसेज करायचा, काही काम नसताना. तुमचं ते अमुक टूल आता आमच्याकडं वापरून राहिलो, तुमची आठवण झाली, इतकं पुरते. वाढदिवसाचे केक पाठवायची गरज नाही.

नोकरी लागली की ज्यांना ज्यांना मेसेज केला त्या सगळ्यांना कळवा, ज्यांच्याकडून काहीच झालं नाही त्यांनाही. लागली की मलाही कळवा, मी वाट पाहीन.

प्रश्न : मी हिंगणघाटची. कंपनीतले एक सिनिअर मला करिअरबद्दल मार्गदर्शन करतात, खूप शिकायला मिळालं. पण आता ते रात्री अकरा-बारानंतर मेसेज करतात, एकटीला बाहेर भेटायला बोलवतात, नाही म्हटलं तर अप्रेझलचा, म्हणजे वर्षाच्या कामाच्या मूल्यमापनाचा, विषय काढतात. संबंध बिघडले तर करिअर बिघडेल अशी भीती वाटते.

उत्तर : पोरी, हे मार्गदर्शन राहिलं नाही, अन् यातलं काहीही तुझ्या चुकीनं झालं नाही. त्यांना एकदा स्पष्ट लिही की कामाचं बोलणं ऑफिसच्या चॅटवर अन् ऑफिसच्या वेळेत करू. सगळे मेसेज जपून ठेव, एकही डिलीट करू नको, तारखा लिहून ठेव. नंतरही थांबलं नाही तर, किंवा तुला वाटलं तर आत्ताच, तक्रार कर. कामाच्या जागी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे, १० किंवा जास्त लोक काम करतात तिथं अंतर्गत समिती असावीच लागते, तिची अध्यक्ष बाईच असते. घटनेपासून ३ महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यायची, कारण योग्य असेल तर समिती अजून ३ महिने वाढवू शकते. १० पेक्षा कमी लोक असले तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं जाता येते. घरातल्या किंवा टीममधल्या एका बाईला आजच सांग, एकटी राहू नको. शिकवणारी माणसं अजून भेटतील, खूप भेटतील, अन् जिथं असं होते ते नातं टिकवायचं काही कारण नाही.

प्रश्न : मी मेहकरचा. नवीन ऑफर हातात आहे, नोटीस ९० दिवसांची. मॅनेजरनं तीन वर्षं माझं क्रेडिट स्वतः घेतलं. जाताना सगळ्यांसमोर एकदा बोलून टाकावं असं वाटते. सोडून तर जायचंच आहे, मग काय बिघडते?

उत्तर : भाऊ, मी हे करून बसले आहे म्हणून सांगते. दुसरी नोकरी सोडताना मी शेवटच्या दिवशी सगळ्या टीमला मोठा मेल टाकला, मॅनेजरनं काय काय केलं ते तारीखवार. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. त्या दिवशी फार हलकं वाटलं, दोघा-तिघांनी फोन करून शाबासकी पण दिली. पाच वर्षांनी मला पाहिजे होती तशी जागा एका ठिकाणी निघाली, तीन राउंड झाले, चौथ्याला फोन आला की आम्ही पुढं जाऊन नाही राहिलो. रिक्रूटर भला माणूस होता, तो म्हणाला की पॅनलवरच्या एकानं तुमच्या जुन्या टीममधे विचारलं. त्या टीममधे माझं काम कोणाच्या लक्षात नव्हतं, तो मेल सगळ्यांच्या लक्षात होता. याचं मला अजून वाईट वाटते.

तुमच्यावर अन्याय झाला तर तो लिहा, पण एक्झिट इंटरव्ह्यूमधे एचआरला, कामाची उदाहरणं देऊन, माणसाच्या स्वभावावर न जाता. ९० दिवस केटी, म्हणजे आपलं काम पुढच्याला समजावून देणं, मन लावून करा. लोकांना तुमची तीन वर्षं आठवत नाहीत, शेवटचा महिना आठवतो, तुमच्या जागेवर येणाऱ्याला तुम्ही किती व्यवस्थित हातात देऊन गेलात ते आठवते. निरोपाच्या मेलमधे आपला स्वतःचा नंबर अन् मेल टाका, अन् ज्यांच्याकडून खरंच शिकलात त्या चौघा-पाचांना वेगळं लिहा, काय शिकलो ते नाव घेऊन. कोड, फाइल, काहीही सोबत आणू नका.

त्या मॅनेजरला मी २०१७ मधे मेल केला, की मी जे लिहिलं ते मला तसंच वाटत होतं पण सगळ्यांसमोर लिहायला नको होतं. त्याचं दोन ओळींचं उत्तर आलं. आमची काही मैत्री झाली नाही, पण आता कुठं समोर आला तर मी मान खाली घालणार नाही.

प्रश्न : ताई, मी वरूडजवळच्या गावातून काम करतो, ऑफिस बंगळुरूला आहे. घरची संत्र्याची बाग सांभाळता येते म्हणून खूश आहे, पण दोन वर्षांत टीममधे मी जणू नाहीच असं झालं. नवीन लोकांना तर माझं तोंडही माहीत नाही. प्रमोशनच्या वेळी माझं नाव निघत नाही.

उत्तर : हे दुखणं माझंही आहे, त्यामुळं मी काय करते तेच सांगते. दर शुक्रवारी टीमला तीनच ओळी लिहिते, या आठवड्यात काय झालं, कुठं अडलं, कोणी मदत केली. ती तिसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची, त्यात नाव घ्यायचं, कारण ऑफिसात असते तर मी कॉफी घेताना चारचौघांत म्हटलंच असतं की आज हिनं मला वाचवलं, इथून ते बोलणं कोणाच्या कानावर जात नाही, मग लिहावं लागते. स्टँडअपला, म्हणजे रोजच्या छोट्या मीटिंगला, कॅमेरा चालू ठेवते. लाइन जाणार असली तर आधीच सांगते, आमच्याकडं अमुक दिवशी सकाळी लाइट नसते, म्हणून मी दुपारून दिसेन. लपवलं की लोक वेगळाच अर्थ काढतात. नवीन कोणी आलं की पहिल्या आठवड्यात मी स्वतःहून वीस मिनिटांचा कॉल लावते, कामाचं काहीच बोलत नाही, गाव कोणतं, आधी कुठं होते, आमच्याकडं आज किती तापून राहिलं.

आणि वर्षातून दोनदा तरी जा. मीटिंगसाठी म्हणून नाही, दोन-तीन दिवस नुसतं त्यांच्यात बसायला. आंबियाची संत्री उतरली की एक पेटी घेऊन जा, पण ती पॅन्ट्रीत ठेवा, सगळ्या टीमसाठी, साहेबाच्या टेबलावर नको, कंपन्यांचे भेटवस्तूंचे नियम असतात अन् लोकही नाही नाही ते बोलतात. संत्रं सोलता सोलता जे बोलणं होते ते वर्षभराच्या कॉलवर होत नाही, हे मी दोनदा पाहिलं. जवळ नागपूर आहे, मिहान अन् परसोडीच्या आयटी पार्कमधे आपल्या लाइनीची पुष्कळ माणसं आहेत, महिन्यातून एखादा शनिवार तिकडं काढा.

प्रमोशनचं मात्र मॅनेजरला थेट विचारा, की पुढच्या पायरीसाठी माझ्यात काय कमी आहे अन् ते कोणी पाहिलं पाहिजे. "कोणी पाहिलं पाहिजे" हे नक्की विचारा. ती बैठक होते तेव्हा तिथं पाच-सहा लोक असतात अन् तुमच्या मॅनेजरशिवाय एकालाही तुम्ही माहीत नसाल तर तो एकटा किती लढेल.

प्रश्न : ताई, मी आर्णी तालुक्यातला कास्तकार. पोरगं कम्प्युटरचा डिप्लोमा करून दोन वर्षांपासून घरी हाय. आमच्याच गावचा एक पोरगा हैदराबादले मोठ्या कंपनीत हाय, पोळ्याले गावात येते. मी त्याले दोनदा बोललो, तो पाहतो काका म्हणते अन् मंग फोनच उचलत नाही. त्याच्या बापाले मी अडचणीत बियाण्यासाठी पैसे देल्ले होते, ते मी कधी काढलं नाही. आता त्याले कसं म्हणाव?

उत्तर : काका, बियाण्याच्या पैशाचं तुम्ही आजवर काढलं नाही, आताही काढू नका. त्याच्या बापाला ते माहीत आहे अन् बहुतेक त्यालाही. तो फोन उचलत नाही ते तुम्हाला विसरला म्हणून नाही, मला वाटते त्याला तुम्हाला नाही म्हणायला जीव होत नाही. कंपनीत त्याच्या हातात फार थोडं असते. तो फक्त कागद आत देऊ शकतो, इंटरव्ह्यू पोरालाच द्यावा लागते, अन् कागद देताना त्याचं नाव त्याला जोडलेलं असते, पोरगं तिथं काहीच बोलू शकलं नाही तर पुढच्या वेळी त्यानं दिलेला कागद कोणी गंभीरपणे घेत नाही. त्याला तुमच्या पोराला काय येते हेच माहीत नाही, मग तो काय म्हणून देईल?

म्हणून आता तुम्ही बोलू नका, पोराला बोलू द्या. अन् नोकरी मागायला नको, एक तास मागायला लावा. पण त्या तासात दाखवायला हातात काहीतरी पाहिजे. पोराला म्हणा, गावातल्या कृषी केंद्रात बसून त्यांचा स्टॉक अन् उधारी कशी लिहितात ते पाय, अन् त्याचा एक छोटा प्रोग्राम बनव, अर्धा-कच्चा असला तरी चालते. मग त्या हैदराबादवाल्या दादाला दाखवून विचार की यात काय चुकलं, अन् तुमच्यासारखं काम करायला मला अजून काय शिकावं लागेल. तो जे सांगेल ते दोन महिन्यांत करून त्याला परत दाखव. असं दोनदा झालं की तो स्वतःहून चार लोकांना बोलेल, मी असं होताना पाहिलं आहे.

तोवर हातावर हात ठेवून बसू नये. डिप्लोमावाल्यांना इंजिनिअरिंगला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळते, बऱ्याच कंपन्या डिग्री विचारतात, तेव्हा घरची परिस्थिती पाहून त्याचाही विचार करा. त्याच्या कॉलेजातल्या सरांना जाऊन भेटायला सांगा, प्लेसमेंट पाहणाऱ्या सरांना तर नक्की, अन् वर्गातले जे कुठं कुठं लागले त्यांना फोन करायला सांगा. दोन वर्षं घरी बसलं की पोरगं मित्रांचे फोन टाळते, मला दिसते ते, आमच्या गल्लीतही दोन आहेत. त्याला रागावू नका, सोबत बसून पहिला फोन लावून द्या.

पोळ्याच्या दिवशी त्या पोराला गाठू नका, बैल सजवण्यात अन् तोरणाखाली उभं राहण्यात त्याचा दिवस जाईल, अन् सगळं गाव त्याला हेच विचारत असेल. दुसऱ्या दिवशी, करीला, दुपारची जेवणं झाली की त्याला घरी चहाला बोलवा, तुम्ही दोन शब्द बोलून वावरात निघून जा अन् त्या दोघांना बसू द्या. पोराला म्हणा लॅपटॉप आदल्या रात्रीच चार्ज करून ठेव, सणाच्या दिवशी लाइनीचा भरवसा नसते.